संस्कारांची बेरीज नव्हे: ‘आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो’

वादकसमूहाविषयी लिहिताना प्रत्येक सदस्याच्या पूर्वसंस्कारांची नोंद करावयाची आणि समूहाचे संगीत म्हणजे त्या साऱ्यांची बेरीज असे गृहीत धरावयाचे, ही जॅझ-समीक्षेतील रूढ पद्धत आहे. तौलनिक साहित्याभ्यासात ‘प्रभाव’ ही संकल्पना दीर्घकाळ अशीच वापरली गेली. ‘आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो’च्या बाबतीत मात्र ही पद्धत अपुरी पडते. येथे संस्कार एकजीव होत नाहीत. ते शेजारी शेजारी नांदतात आणि प्रसंगी एकमेकांना अडवतातही.

सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेल यांची घडण अमेरिकी सैन्याच्या वाद्यवृंदात झाली. जर्मनीत असताना तेव्हा सैनिक असलेल्या अल्बर्ट आयलरचे वादन त्यांच्या कानी पडले. लेस्टर बोवी सेंट लुईसमध्ये वाढले. ट्रम्पेट घेऊन ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या फिरत्या वृंदांतून हिंडले. धर्मोपदेशकाचे पुत्र असलेले मॅलाकाय फेव्हर्स पन्नासच्या दशकातच शिकागोत बासवादक म्हणून स्थिरावले होते. जोसेफ जार्मन सॅक्सोफोनइतकेच कविता आणि नाट्य यांत रमणारे. डॉन मोये यांनी डेट्रॉइटच्या विद्यापीठात तालवाद्यांचे शिक्षण घेतले. या तपशिलांत ‘आदिम’ म्हणावे असे काही नाही. आहे ती सैन्य, चर्च, महाविद्यालय आणि व्यावसायिक रंगमंच यांची शिस्त. तरीही जार्मन, फेव्हर्स व मोये यांचे रंगवलेले चेहरे पाहून या संगीताला आफ्रिकेच्या उत्स्फूर्त हुंकाराचे नाव देण्याचा मोह अनेकांना झाला. त्याच मंचावर बोवी प्रयोगशाळेतला पांढरा कोट घालून उभे असत आणि मिचेल साध्या वेषात, याकडे अशा वाचनाचे दुर्लक्ष होते. वेषांतली ही विसंगती सजावट नव्हे, भूमिका आहे.

मराठी अभ्यासकाला येथे ‘घराणे’ हा शब्द सुचणे स्वाभाविक आहे. परंतु घराण्यात गायकी गुरूकडून शिष्याकडे उतरते, तर १९६५मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या ज्या कलावंत-संघटनेतून हा समूह उगवला, तिचा आग्रह स्वरचित संगीताचा होता. वारसा होता, पण त्याची नक्कल मान्य नव्हती.

१९६९मध्ये समूह पॅरिसला गेला तेव्हा त्यात ड्रमवादक नव्हता. ‘ऑफ शिकागो’ हे शेपूटही तेथेच जोडले गेले. ‘पीपल इन सॉरो’ ही सुमारे चाळीस मिनिटांची रचना याच काळातली. घंटा, शिट्ट्या, झांजा अशी लहान वाद्ये चौघेही हाताळतात. ताल कोणा एकाच्या मालकीचा राहत नाही. ही वाद्ये मिचेल यांच्या १९६६च्या ‘साउंड’मध्येही आहेत, त्यामुळे त्यांचे श्रेय केवळ ड्रमवादकाच्या अभावाला देता येत नाही. परंतु त्या अभावाने त्यांना जागा मिळवून दिली, हे नाकारणे कठीण आहे.

१९७०मध्ये मोये आले आणि त्याच वर्षीच्या ‘ले स्तान्स आ सोफी’ या चित्रपट-संगीतातील ‘थीम दे योयो’मध्ये फाँटेला बास गायल्या. ‘रेस्क्यू मी’मुळे (१९६५) लोकप्रिय झालेल्या या गायिकेचा, बोवींच्या तेव्हाच्या पत्नीचा, आवाज सोल संगीताचा; खालचा ठेका थेट नाचाचा; आणि कडव्यांच्या मधोमध सुषिरवाद्यांचा मोकाट कल्लोळ. कोणीही कोणासाठी आवाज खाली आणत नाही. ‘फ्यूजन’ हा शब्द येथे सरळसरळ चुकीचा ठरतो.

हे सहअस्तित्व खरे असेल, तर एखादा सदस्य गेल्यावर त्याची जागा सहज भरता येऊ नये. जार्मन १९९३मध्ये दूर झाले, बोवी १९९९मध्ये निवर्तले. त्यानंतर ‘ट्रिब्यूट टू लेस्टर’ (२००३) हा ध्वनिसंग्रह मिचेल, फेव्हर्स आणि मोये या तिघांनीच केला. पुढे समूहात नवा ट्रम्पेटवादक आला. या स्मरण-संग्रहात मात्र ट्रम्पेट नाही.