स्वीट स्प्रिंग्स येथील हॉटेलाची इमारत : एका कर्तृत्वारोपाचें परीक्षण

(१)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं वेस्ट व्हर्जिनिया या संस्थानांत, ॲलेघनी पर्वताच्या रांगांमध्यें, मन्रो परगण्यांत 'स्वीट स्प्रिंग्स' म्हणजे 'गोड झरे' या नांवाचें एक जुनें आरोग्यस्थान आहे. कोंकणांत ज्यांस उन्हाळीं म्हणतात, तसला कढत पाण्याचा हा प्रकार नव्हे. येथील पाणी सुमारें ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे केवळ थंडी मोडलेलें असें असून त्यांतून वायूचे बुडबुडे निघत असतात. झऱ्याजवळ लाल विटांची एक लांबलचक इमारत उभी आहे. तिच्या तळमजल्यास कमानींची ओळ असून वर पांढऱ्या स्तंभांचीं, त्रिकोणी माथ्याचीं प्रवेशगृहें आहेत. ही हॉटेलाची मुख्य इमारत १८३९ सालची समजतात. १९७० सालीं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदपटांत या स्थानाचा समावेश झाला, आणि २०१५ सालीं ही सर्व मिळकत लिलांवांत ५,६०,००० डॉलरांस विकली गेली.

या इमारतीस 'जेफर्सन बिल्डिंग' म्हणतात. मिळकत विक्रीस निघाली, अगर तिच्याविषयीं कोणी कांहीं लिहूं लागला, कीं ही इमारत संयुक्त संस्थानांचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफर्सन यानें आंखून दिली असें विधान हटकून पुढें येतें. हें विधान कितपत टिकतें, तें कोणाच्या सोयीचें आहे, आणि त्याच्या गजरांत कोणता पुरावा बुडून जातो, एवढ्या तीन गोष्टी प्रस्तुत लेखांत पाहावयाच्या आहेत.

(२)

प्रथम कालनिर्णय. जेफर्सन ता. ४ जुलै १८२६ रोजीं वारला. इमारत तयार झाली १८३९ सालीं. मध्यें तेरा वर्षांचें अंतर आहे. एवढ्यानें विधान खोटें ठरतें असें मात्र नाहीं. कारण हयातींत काढून ठेवलेला आराखडा पुढें दुसऱ्यानें वापरणें अशक्य नसतें. परंतु तसा आराखडा दाखविणें, अगर त्याचा उल्लेख करणारें समकालीन पत्र पुढें करणें, हें विधान करणाराचें काम आहे. तें होईपर्यंत हा कर्तृत्वारोप सिद्ध मानतां येत नाहीं.

इमारत जेफर्सनी धाटणीची दिसते हें खरें. पण धाटणी म्हणजे हस्ताक्षर नव्हे. शार्लट्सव्हिल येथील व्हर्जिनिया विद्यापीठाचें बांधकाम १८१७ सालीं सुरू झालें, तें जेफर्सनच्या अखेरीपर्यंत चाललें होतें. त्या कामावर गवंडी, सुतार, वीटकाम करणारे असे पुष्कळ कारागीर तयार झाले. काम सरल्यावर ते व्हर्जिनियाभर पांगले, आणि त्यांनीं ठिकठिकाणीं न्यायगृहें, देवळें व वाडे त्याच वळणावर बांधले. विद्यापीठाच्या वीटकामावर असलेला विल्यम बी. फिलिप्स हा त्यांपैकींच एक. स्वीट स्प्रिंग्सची इमारत त्याची असावी असा संशोधकांचा कल आहे, व तो कालाच्या दृष्टीनें जुळतो. एकाच फडांत वळण गिरविलेल्या कारकुनांचें मोडी अक्षर सारखें दिसतें. म्हणून प्रत्येक पत्र चिटणिसाच्या हातचें मानण्याची चूक आपण करीत नाहीं. विटांच्या बाबतींतहि तोच न्याय लावावा.

आतां जेफर्सनच्या लेखांतून काय निघतें तें पाहूं. व्हर्जिनियावरील आपल्या ग्रंथांत, जो १७८५ सालीं पॅरिस येथें छापला गेला, त्यानें औषधी झऱ्यांचें एक लहानसें प्रकरण दिलें आहे. त्यांत वॉर्म स्प्रिंग या झऱ्याच्या कुंडाचा व्यास ३० फूट व पाण्याची उष्णता ९६ अंश असल्याचें तो सांगतो. हॉट स्प्रिंगची उष्णता ११२ अंश देतो. स्वीट स्प्रिंग्स वॉर्म स्प्रिंगपासून सुमारें ४२ मैलांवर, त्या वेळच्या बॉटेटॉर्ट परगण्यांत आहे असें नोंदवून, हे झरे अद्याप फारसे माहीत झालेले नाहींत असें तो कबूल करतो. इतर झरे जेथें निष्फळ ठरले अशा कांहीं दुखण्यांस यांचा गुण आला, यावरून यांचें घटक निराळे असावे, असा सावध तर्क तो करतो. याहून अधिक नाहीं.

दुसरा पुरावा १८१८ सालचा. त्या वर्षीं ऑगस्टच्या आरंभीं विद्यापीठाची जागा ठरविण्यासाठीं रॉकफिश गॅप येथें मंडळ भरलें होतें. तें काम उरकून पंचाहत्तर वर्षांचा जेफर्सन संधिवातावर उपाय म्हणून वॉर्म स्प्रिंग्स येथें गेला. तेथून मुलीस लिहिलेल्या पत्रांत दिवसांतून तीन वेळां, दर वेळीं पाव तास, असा स्नानाचा क्रम त्यानें कळविला आहे. परिणाम विपरीत झाला. अंगावर गळवें उठलीं, परतीचा प्रवास हालाचा झाला, आणि प्रकृति कित्येक दिवस बिघडली. याचा दोष तो त्या स्नानांसच देत असे. सारांश, ज्याच्या नांवावर या पर्वतांतील पाणी व घरें विकलीं जातात, त्या गृहस्थाचा लेखी अभिप्राय स्वीट स्प्रिंग्सविषयीं संशयाचा, आणि शेजारच्या वॉर्म स्प्रिंग्सविषयीं पश्चात्तापाचा आहे.

(३)

मग हें नांव कोणास हवें होतें? या झऱ्यांवर एकोणिसाव्या शतकांत जें वाङ्मय निर्माण झालें त्याचे लेखक पाहिले म्हणजे उत्तर मिळतें. हॉट स्प्रिंग्सच्या गुणांवर रोग्यांसाठीं पुस्तक लिहिणारा डॉक्टर टॉमस गुड हा त्या झऱ्याचा मालक. त्यानें ती जागा १८३२ सालीं विकत घेतलेली. १८४२ सालीं पश्चिम व्हर्जिनियांतील खनिज झऱ्यांवर ग्रंथ छापणारा विल्यम बर्क हा रेड सल्फर स्प्रिंग्सचा मालक. व्हाइट सल्फर स्प्रिंग्सवर लेखणी चालविणारा डॉक्टर जॉन मूरमन हा तेथील हॉटेलचा नेमलेला वैद्य. अर्थात् दुकानदार हाच पारखी. या ग्रंथांतील रोगमुक्तीच्या कथा व थोरांचीं नांवें यांस त्याच हिशेबानें किंमत दिली पाहिजे.

परंतु स्वार्थी साक्षीदार म्हणून हें वाङ्मय फेंकून देणेंहि योग्य नाहीं. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झाडाझडती घेतली, तिच्यापासून आपण एक धडा शिकलों आहों : लेखकाचा हेतु कोठें संपतो तें ओळखावें, व त्यापलीकडचें घ्यावें. मालक आपल्या पाण्याची स्तुति करतो ती सोडावी. पण रस्ता कोणता, गाडी किती दिवसांत पोंचते, बिऱ्हाडास दर काय, हें सहज सांगून जातो तें घ्यावें.

विक्रीच्या जाहिरातींसहि हाच नियम लागू आहे. जाहिरातींतील गुणवर्णन संशयास्पद, पण यादी मोलाची. याचें सर्वांत कठोर उदाहरण खुद्द जेफर्सनच्या घरचें आहे. तो कर्जबाजारी होऊन वारला. त्यामुळें १८२७ च्या जानेवारींत मॉन्टिसेलो येथें त्याच्या मालमत्तेची विक्री झाली, व तिच्या जाहिरातींत गुरेंढोरें, अवजारें यांच्या बरोबरीनें १३० गुलाम माणसें विकावयास काढल्याचें नमूद होतें. ही जाहिरात जें सांगते तें त्याच्या चरित्रकारांनीं पुष्कळ काळ नजरेआड केलें. यादी मात्र बोलत राहिली.

(४)

आतां तिसरा मुद्दा, आणि तोच अधिक महत्त्वाचा. जेफर्सनच्या नांवाखालीं स्वीट स्प्रिंग्सच्या इतिहासांतील दोन प्रकरणें दडपलीं जातात.

पहिलें प्रकरण श्रमाचें. विल्यम लुइस यानें १७९२ च्या सुमारास येथें उतारूंची सोय केली, तेव्हांपासून यादवी युद्धापर्यंत या झऱ्यांवर मुख्यतः दक्षिणेकडील जमीनदार कुटुंबें उन्हाळा घालवीत. हीं कुटुंबें गुलाम नोकर बरोबर आणीत. आणि स्वयंपाक, धुणें, तबेला, पाणी ओढणें हीं या पर्वतांतील हॉटेलांचीं कामें बव्हंशीं गुलामांच्याच अंगावर होतीं. १८५२ सालीं ही मिळकत ऑलिव्हर बर्न या धनाढ्य गृहस्थाकडे आली. १८६० च्या खानेसुमारींत गुलामांचें कोष्टक निराळें आहे. त्यांत मालकाचें नांव लिहून गुलामांचें केवळ वय, लिंग व वर्ण नमूद करण्याची रीत होती. म्हणजे इमारतीवर नांव चढलें तें जो येथें राबला नाहीं त्याचें. जे राबले त्यांचीं नांवें सरकारी दप्तरांतहि आलीं नाहींत. तीं कोठें सांपडलींच तर हिशेबाच्या वह्यांत, भाडेकरारांत व मृत्युपत्रांतच सांपडतील.

दुसरें प्रकरण उतरत्या काळाचें. १९३० च्या सुमारास येथील हॉटेल बंद पडलें. १९४० नंतरच्या दशकांत संस्थान सरकारनें येथें वृद्धांचा आश्रम चालू केला व त्यास अँड्र्यू रोवन याचें नांव दिलें. हा रोवन १८९८ च्या स्पेनशीं झालेल्या युद्धांत क्यूबांतील सेनापति गार्सिया याजकडे गेलेला अधिकारी, व याच परगण्यांत जन्मलेला. १९९० नंतर लवकरच हा आश्रमहि बंद झाला. जवळजवळ अर्धें शतक येथें निराधार म्हातारीं माणसें राहिलीं. विक्रीच्या इतिहासांत या काळास एक ओळ मिळते, आणि तीहि अवनतीची खूण म्हणून.

वस्तुतः इमारत उभी राहिली ती याच काळामुळें. शेजारचीं उदाहरणें पाहावीं. व्हाइट सल्फर स्प्रिंग्स येथील 'ओल्ड व्हाइट' हें १८५८ सालचें भव्य हॉटेल, धंदा भरभराटींत असतांना व जवळच नवें हॉटेल उभें राहिल्यानंतर, १९२२ सालीं पाडून टाकण्यांत आलें. हॉट स्प्रिंग्स येथील जुनें 'होमस्टेड' १९०१ सालीं आगींत गेलें, व त्या जागीं नवें उठलें. जेथें पैसा आला तेथें जुनें राहिलें नाहीं. स्वीट स्प्रिंग्स येथें पैसा आला नाहीं. छप्पर मात्र शाकारलेलें राहिलें, कारण त्याखालीं माणसें निजत होतीं.

(५)

येथें एक आक्षेप येईल, व तो विचारार्ह आहे. खोट्या नांवानें कां होईना, खरी इमारत वांचत असेल, तर त्या नांवाच्या मागें लागण्यांत काय हंशील? जेफर्सन नसता तर हें घर घेण्यास कोण पुढें आला असता? यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु जो जेफर्सनचें घर म्हणून विकत घेतो, तो तें जेफर्सनचें दिसावें म्हणून दुरुस्त करतो. आश्रमाच्या काळचे पडदे, जिने, स्नानघरें हा त्यास नंतरचा कचरा वाटतो. तळघरांतील नोकरांच्या खोल्या त्याच्या कामाच्या नसतात. अशा रीतीनें १८३९ पूर्वींच्या एका काल्पनिक क्षणासाठीं नंतरचा खरा पुरावा खणून टाकला जातो. खोटा शिक्का मारलेली सनद निदान मूळ कागदास इजा करीत नाहीं. खोट्या कर्तृत्वारोपावर आधारलेली दुरुस्ती मूळ वस्तूच बदलते.

कागदांचीहि गत अशीच होते. मिळकत हातोहात जाते तेव्हां जमीन व भिंती खरेदीखतांत येतात. उतारूंच्या नोंदवह्या, पगारपत्रकें, दुरुस्तीचे नकाशे त्यांत येत नाहींत. कोणा थोर पुरुषाची सही असलेलें पान संग्राहक पदरमोड करून घेतो, व उरलेली वही रद्दींत जाते. सही सुटी झाली म्हणजे वहीचा पुरावा मेला. कारण त्या रात्रीं दुसरें कोण उतरलें होतें, बरोबर किती नोकर होते, दर काय पडला, हें त्याच पानाच्या मागेंपुढें असतें.

स्वीट स्प्रिंग्सच्या बाबतींत तर शोधाची वाट अधिकच वांकडी आहे. तीच जमीन प्रथम बॉटेटॉर्ट परगण्यांत, पुढें मन्रो परगण्यांत, व १८६३ सालीं नवें संस्थान झाल्यावर वेस्ट व्हर्जिनियांत मोडूं लागली. इमारत जागची हलली नाहीं, पण तिचें दप्तर फिन्कॅसल, युनियन, रिचमंड व चार्ल्सटन अशा चार ठिकाणीं शोधावें लागतें. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथें जिल्हा न्यायालयाची बैठकहि भरत असे. त्या न्यायालयाचे कागद ही आणखी एक दिशा होय. इमारतीच्या वीटकामाचा करार अगर कारागिरांच्या देण्याघेण्याचा दावा निघाला तर तो अशाच दप्तरांत निघेल, आणि तो एक कागद सर्व स्तंभांच्या साक्षीपेक्षां वजनदार ठरेल.

निष्कर्ष असा. जेफर्सनचा या इमारतीशीं प्रत्यक्ष संबंध सिद्ध नाहीं. त्याच्या वळणाखालीं तयार झालेल्या कारागिरांचा संबंध संभाव्य आहे. आणि येथें राबलेल्या गुलामांचा व येथें वृद्धपण काढलेल्या निराधारांचा संबंध निश्चित आहे. विक्रीच्या इतिहासांत हा क्रम नेमका उलटा लावलेला असतो. पुढें केव्हां अशा एखाद्या जुन्या आरोग्यस्थानाची वही, यादी अगर पगारपत्रक आमच्या संग्राहक वाचकांपैकीं कोणाच्या हातीं आलें, तर त्यांतील नांवाजलेलें पान वेगळें काढूं नये. वही होती तशी, शिवणीसकट, जपून ठेवावी, एवढीच विनंति.