पेटी, शामिसेन आणि तेराउचींची गिटार

जपानच्या पहिल्या पिढीतील रॉक गिटारवादकांत ताकेशी तेराउची (१९३९–२०२१) अग्रगण्य. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीवर बेतलेल्या त्यांच्या ‘लेट्स गो उनमेई’चे (१९६७) कौतुक फार होते, मला मात्र त्यांची ‘त्सुगारू जोंगारा-बुशी’ ही लोकधून थोर वाटते. तीत शामिसेनचा आघात इलेक्ट्रिक गिटारवर नेमका उतरला आहे. साठच्या दशकात अनेक शाळांनी या गिटारवर बंदी घातली, तेव्हा तेराउची शाळाशाळांतून वाजवत फिरले. आपल्या पेटीलाही ऑल इंडिया रेडिओने १९४० साली दार लावले होते. मैफलीतून ती हलली नाही. वाद्य परके असले तरी हात आपला हवा. मुलांच्या हाती गिटार पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या इथल्या मराठी पालकांनी तेराउची जरूर ऐकावेत.