ना-हरकत : वारा, खाण आणि ग्रामसभेचा शब्द

'ना-हरकत प्रमाणपत्र' हा शब्द आपल्या प्रशासनात इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ आपण तपासून पाहत नाही. गावाला 'तुम्हाला हे हवं आहे का?' असं कुणी विचारत नाही. 'तुमची हरकत तर नाही ना?' एवढंच विचारलं जातं. जो गप्प बसला, जो सभेला आलाच नाही, ज्याला सभेची भाषाच कळली नाही, तो प्रत्येक जण या हिशोबात होकाराच्या बाजूला पडतो. प्रकल्पांना होणाऱ्या स्थानिक विरोधाकडे पाहताना आपण 'विकास की पर्यावरण' असा वाद घालतो. मला वाटतं, त्याआधी हरकत, संमती आणि निर्णय या तीन शब्दांतला फरक पाहायला हवा. आणि त्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीइतकी योग्य जागा नाही.

इथे पवनचक्क्या नाहीत. ज्या वेगाचा वारा त्यांना लागतो तो सह्याद्रीच्या पठारांवर मिळतो, झाडीपट्टीत नाही. तरीही पवनऊर्जेचा प्रश्न इथल्या माणसाला परका नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. राज्याच्या दिव्यांसाठी इथली राख उडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या मूल्यांकनात चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत अगदी वर होतं. त्याच वर्षी ताडोबालगतच्या लोहारा जंगलातल्या प्रस्तावित कोळसा खाणीविरुद्ध 'इको-प्रो'चे बंडू धोतरे यांनी उपोषण केलं, शहर त्यांच्या मागे उभं राहिलं आणि केंद्राच्या पर्यावरण खात्याने खाणीची प्रक्रिया मागे घेतली. वाघांची वाट वाचली. पण कोळसा नको म्हटल्यावर वीज कुठून, हा प्रश्न प्रामाणिक माणसाला टाळता येत नाही. त्याचं तयार उत्तर असतं : वारा आणि ऊन. म्हणून ज्या गावांच्या डोक्यावर हा वारा पकडला जातो, त्यांचं काय झालं हे चंद्रपूरकरानेही पाहायला हवं.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. पुढे सांगली, धुळे, नंदुरबारपर्यंत त्या पसरल्या. दुष्काळाच्या वर्षांत सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्यांत समज पसरला, की ही पाती ढग पळवून लावतात. वर्तमानपत्रांनी तो उचलला, जाणकारांनी खोडून काढला आणि विषय मिटला. समज चुकीचाच होता. पण तो खोडताना शेतकऱ्याची खरी तक्रारही केराच्या टोपलीत गेली. जमीन कोणत्या भावाने गेली, रस्ता कुणाच्या बांधावरून काढला, कागदावर सही कुणाची घेतली, हे त्याचे प्रश्न होते. अडाणी ठरवलेल्या माणसाची हरकत नोंदवावी लागत नाही, हा आपला जुना अनुभव आहे.

वाऱ्याला परिणामच नसतात, हेही खरं नाही. चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्ष्यांची संख्या जवळपास चौपटीने कमी आढळली. शिकारी कमी झाल्याने सरडे वाढले. त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक कमी झालं आणि नरांच्या गळपंख्याचे रंगही फिके पडले. या सरड्याचं शास्त्रीय नाव 'सरडा सुपर्बा', म्हणजे आपल्याच बोलीतला शब्द जगाच्या शास्त्रात गेलेला. ज्या पठाराला महसुली दप्तरात 'पडीक' म्हणतात, तिथे एवढी मोठी उलथापालथ होते.

भीमाशंकरच्या डोंगरांतली नोंद याहून बोलकी आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात तिथल्या पवनचक्की प्रकल्पाचा दाखला आहे. हे सदाहरित जंगल आहे, इथे शेकरू आहे, तेव्हा परवानगी देऊ नये, असं वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने लिहून दिलं होतं. वरिष्ठांनी ते बाजूला सारलं. मग उभ्या उतारावर रुंद रस्ते कापले गेले, दरडी कोसळल्या, राडारोडा शेतांत आणि जलाशयात गेला. पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरांत राहणाऱ्यांचे वनहक्क मान्य झाले नव्हतेच. वर त्यांना तिथे फिरण्याचीही आडकाठी झाली. मनोऱ्याचा पाया लहान असतो हे खरं. पण चाळीस-पन्नास मीटर लांबीचं पातं डोंगरमाथ्यावर न्यायचं तर घाट फोडावा लागतो.

हे सगळं होण्याआधी त्या गावांना विचारणारी जनसुनावणी का झाली नाही? १४ सप्टेंबर २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीतच. धूर नाही म्हणून आघात नाही, आघात नाही म्हणून सुनावणी नाही, असा हा हिशोब. 'हरित' हा शब्द इथे गावाला प्रश्न विचारण्यातून सूट मिळवण्याचा परवाना झाला. हरकत घ्यायची जागाच नसली, की ती दलालाच्या बैठकीत, खंडणीत, गुंडगिरीत वाट शोधते. ९ डिसेंबर २०२४ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. तिच्या मुळाशी पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा वाद होता, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. न्यायालय काय ते ठरवेल. पण उघड्या सभेत न झालेला व्यवहार कुठे जातो, याचा इशारा त्यातून घ्यायला हवा.

मग सुनावणी सक्तीची केली की प्रश्न सुटेल? याचं उत्तर गडचिरोलीत मिळतं. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. दर जानेवारीत तिथे इलाक्यातल्या गावांची यात्रा भरते. त्याच डोंगरावर सुमारे साडेतीनशे हेक्टरांची लोहखाण आहे. लोहखनिजाचं उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यासाठी ऑक्टोबर २०२२मध्ये जनसुनावणी झाली. खाणीला सुनावणी सक्तीची असल्याने ती झाली. पण ती झाली गडचिरोलीत, जिल्हा मुख्यालयात, डोंगरापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. माडिया बोलणाऱ्या म्हातारीने शेत सोडून, गाडी करून, पोलिसांच्या बंदोबस्तातून आत जायचं आणि मराठीत बोलायचं, अशी ती रचना. खाणीने रोजगार दिला आहे, तिथे काम करणारे तरुण याच तालुक्यांतले आहेत आणि त्यांचा आवाजही खोटा नाही. म्हणूनच सभा डोंगराच्या पायथ्याशी व्हायला हवी होती. दोन्ही बाजू तिथेच राहतात. शिवाय सुनावणीत लोकांचं म्हणणं फक्त नोंदवलं जातं. निर्णय दुसरीकडे होतो.

निर्णय गावात होऊ शकतो, हे याच जिल्ह्याने देशाला दाखवलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने दोन सवयी लावून घेतल्या होत्या : निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा, आणि त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या सवयींमुळे पोकळ राहिली नाही. 'ना-हरकत' आणि 'सर्वसहमती' यांत नेमका हाच फरक आहे. एकीत मौन म्हणजे होकार; दुसरीत एकही माणूस अडला तर सभा थांबते.

कायद्यानेही काही काळ ही दिशा धरली होती. वनजमीन वळवण्याआधी निम्म्या गणसंख्येच्या ग्रामसभेचा ठराव हवा, असं केंद्राने २००९च्या परिपत्रकात म्हटलं. त्याच वाटेने १८ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. पुढे २०२२च्या वनसंवर्धन नियमांनी क्रम उलटा केला. केंद्राची अंतिम मंजुरी आधी. वनहक्कांची पूर्तता राज्याने नंतर पाहायची. मंजुरी हातात असलेल्या कंपनीसमोर गाव जे म्हणेल, ती पुन्हा हरकतच.

क्रम चुकला की न्यायालयही फारसं काही करू शकत नाही. नॉर्वेच्या फोसेन भागात सामी पशुपालकांच्या रेनडिअरच्या चराईवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ११ ऑक्टोबर २०२१ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने अवैध ठरवले. चक्क्या मात्र फिरतच राहिल्या आणि शेवटी भरपाईच्या तडजोडी झाल्या. श्रीमंत, लोकशाहीवादी, हवामानाची काळजी वाहणाऱ्या देशात हे घडलं.

हवामान बदल थांबवायचा तर इतका वेळ कुठे आहे, असा यावर आक्षेप येईल. तो हलका नाही. राखेत जगणाऱ्या चंद्रपूरला तर नाहीच. पण गावाला न विचारता वाचवलेला वेळ पुढे कोर्टात, बंदोबस्तात आणि अडलेल्या रस्त्यांवर दुपटीने खर्च होतो. मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांची सूट काढावी, सभा प्रकल्पाच्या गावात आणि गावाच्या भाषेत व्हावी, आणि ग्रामसभेचा ठराव मंजुरीच्या आधी यावा. यातली एकही मागणी वाऱ्याच्या विरोधात नाही. मेंढ्यासारखी सभा उद्या एखाद्या पठारावर बसली, तर ती पवनचक्कीला होकारही देईल. मग रस्ता कुठून काढायचा आणि भाडं किती घ्यायचं, हेही तीच सांगेल. पण त्यासाठी त्या अर्जाच्या मथळ्यावरचा 'ना-हरकत' हा शब्द आधी बदलावा लागेल.