अक्षरांचा बंधारा

धाराशिव जिल्ह्यातील एका शाळेत विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकांचे प्रदर्शन पाहण्यात आले. विषय होता जिल्ह्यातील वास्तू. अट एकच : चित्र काढायचे नाही, फक्त अक्षरे वापरायची.

बहुतेकांनी ही अट पाळूनही मोडली होती. 'नळदुर्ग' हा शब्द शेकडो वेळा लिहून बुरुजाचा आकार भरलेला. लांबून बुरूज दिसतो. जवळ गेल्यावर त्याविषयी काहीच कळत नाही. अक्षरांऐवजी ठिपके दिले असते, तरी फरक पडला नसता.

एक भित्तिपत्रक मात्र वेगळे होते. नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बांधाच्या पोटात पाणीमहाल उभारला गेला. भर पावसाळ्यात 'नर' व 'मादी' हे दोन धबधबे बांधावरून कोसळतात. विद्यार्थिनीने वर 'बंधारा' असे ठळक लिहिले आणि त्याखाली 'पाणी' हा शब्द पाच ओळींत. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा जाड. शिरोरेषा हाच बांधाचा माथा! 'ध'ची शिरोरेषा मुळातच तुटलेली असते, नाहीतर त्याचा 'घ' होईल. नेमक्या त्या फटीतून तिने 'नर' ही अक्षरे खाली सोडली. येथे लिपीचा गुण आणि वास्तूचा गुण एक झाले आहेत.

दोन दोष सांगायला हवेत. 'मादी'साठी तिने 'रा'च्या आधी शिरोरेषा तोडली. त्यामुळे 'बंधा रा' असे वाचले जाते. दुसरा दोष विज्ञानाचा. पाण्याचा दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो : १ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे १ टन, ५ मीटरवर ५ टन. म्हणजे ओळींची जाडी १, २, ३, ४, ५ अशी हवी. तिने ती दर ओळीला दुप्पट केली : १, २, ४, ८, १६. पाचव्या ओळीत दाब तिपटीहून अधिक फुगला.

तरीही हेच भित्तिपत्रक उत्तम, कारण त्यातील चूक मोजता येते. बुरुजाच्या चित्रात चूक काढायलाही जागा नव्हती. वास्तू कशी दिसते यापेक्षा ती कशी उभी राहते, हे अक्षरांनी सांगावे.

शिक्षकांनी पुढच्या वेळी मुलांना तेरच्या त्रिविक्रम मंदिरासमोर उभे करावे. मंदिर विटांचे आहे, मागची बाजू अर्धवर्तुळाकार. वीट विटेवर टेकते. आपली अक्षरे मात्र शिरोरेषेला टांगलेली असतात. हा पेच मुले कसा सोडवतात, ते पाहावे.