टंकाचा डौल आणि अक्षराचे वळण

पार्म्याच्या बोदोनीने (१७४०–१८१३) घडविलेल्या रोमन टंकात उभी रेघ जाड, तर आडवी केसासारखी बारीक असते. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हा विरोध शोभतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु देवनागरीत त्याचे अनुकरण केल्यास शब्द बांधून ठेवणारी शिरोरेघाच क्षीण होते. आपल्या अक्षराची जाडी बोरूच्या तिरप्या छेदातून आलेली आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी (स्थापना १८६९) राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांत हे वळण टिकले. बालाघाट जिल्ह्यातील किरनापुरात मराठी वाचकापुढे बहुधा हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात. म्हणून नव्या टंकाराने डौलाआधी हे वळण राखावे, असे आमचे मत आहे.