‘सिद्धान्त’ की धोरण? : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या परराष्ट्रधोरणासंबंधी इंग्रजीत रूढ असलेल्या ‘डॉक्ट्रिन’ या शब्दास मराठी ग्रंथकार ‘सिद्धान्त’ हा प्रतिशब्द योजतात. ‘मन्रो सिद्धान्त’, ‘ट्रूमन सिद्धान्त’ ही नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी बसली आहेत. प्रस्तुत लेखकास हा प्रतिशब्द सदोष वाटतो.

पूर्वपक्षाचे खंडन करून प्रमाणांनी जो सिद्ध होतो, तो सिद्धान्त, अशी आपली शास्त्रपरंपरा आहे. मन्रो यांनी २ डिसेंबर १८२३ रोजी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात काही सिद्ध केलेले नाही. युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडात यापुढे वसाहती करू नयेत, असा तो इशारा आहे. ‘डॉक्ट्रिन’ हे नाव त्यास मागाहून लाभले. १९०४ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यास जोड दिली आणि परक्यांना मज्जाव करणाऱ्या वचनातून शेजाऱ्यांच्या कारभारात हात घालण्याचा अधिकार काढला. या जोडीस ‘उपसिद्धान्त’ म्हटले, की भूमितीतील निष्कर्षाप्रमाणे ती अपरिहार्य भासते. येथे शब्दच सत्तेची वकिली करतो.

तुलनेसाठी करवीरचाच दाखला घ्यावा. इ. स. १७१५च्या सुमारास करवीरच्या संभाजीराजांच्या नावे निघालेले, रामचंद्रपंत अमात्यांचे मानले जाणारे ‘आज्ञापत्र’ टोपीकरांविषयी धोरण सांगते. त्यांना व्यापार करू द्यावा. परंतु त्यांच्या पाठीशी राजे आहेत, सबब वखारीस समुद्रतीरी वा खाडीलगत जागा देऊ नये. मन्रो-संदेशामागेही परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांचा हात होता. दोन्हीकडे विचार मंत्र्याचा, नाव धन्याचे. भेद आहे तो श्रोत्याचा: मन्रो परक्यांस बजावतात, अमात्य स्वकीयांस. एक इशारा, दुसरी आज्ञा. सिद्धान्त मात्र एकही नव्हे. दोहोंचे यश सामर्थ्यावर अवलंबून होते. मन्रोंच्या इशाऱ्यास त्या काळी ब्रिटिश आरमाराचा आडोसा मिळाला. करवीरास मात्र १८१२च्या तहाने मालवण इंग्रजांच्या हवाली करावे लागले. सिद्धान्ताचे सत्य असे आरमारावर अवलंबून नसते.

संज्ञा ही केवळ खूण होय, रूढ खूण का मोडावी, असा आक्षेप येईल. परंतु ‘सिद्धान्त स्पष्ट करा’ असे विचारले, की विद्यार्थी तो स्पष्ट करतो, तपासून पाहत नाही. ‘मन्रोचे धोरण’, ‘रूझवेल्टची पुरवणी’ असे लिहिल्यास धोरण कोणाचे, कोणासाठी आणि कोणाच्या बळावर, हे प्रश्न आपोआप उभे राहतील. ते उभे करणे हेच अध्यापनाचे कार्य होय.