अडलेल्या विद्यार्थ्याचे काय?

नवे यंत्र आले की आता शिक्षकाची गरज उरणार नाही, हे भाकीत आपल्याला नवे नाही. चलच्चित्रांमुळे शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे एडिसनने १९१३ साली म्हटले होते. ते खोटे ठरले, तरी त्याच्या नव्या आवृत्त्या निघतच असतात. त्यांपैकी एकीचे पुढे काय झाले, ते आपण तपासून पाहू.

२०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सेबास्टियन थ्रून आणि त्यांचे सहकारी पीटर नॉर्व्हिग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवरून सर्वांना विनामूल्य खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदवली. अभ्यासक्रम पुरा केला तो सुमारे २३ हजारांनी. गाजावाजा झाला तो पहिल्या आकड्याचा. २०१२ मध्ये थ्रून यांनी ‘युडॅसिटी’ ही कंपनी स्थापन केली. पन्नास वर्षांनी जगात उच्च शिक्षण देणाऱ्या दहाच संस्था उरतील, असेही ते म्हणाले. अशा अभ्यासक्रमांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मूक’ म्हणतात. मराठीत हा शब्द विद्यार्थ्याच्या बाजूने अगदी चपखल बसतो.

खरी परीक्षा झाली ती २०१३ साली, कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठात. तेथे पायाभूत गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्र हे विषय युडॅसिटीच्या मदतीने, १५० डॉलर शुल्क घेऊन शिकवण्यात आले. यांत आधी गणितात नापास झालेले विद्यार्थी होते, शाळेत शिकणारी मुलेही होती; काहींच्या घरी संगणकाचीही सोय नव्हती. संख्याशास्त्रात निम्मे, तर बीजगणितात आणि पायाभूत गणितात जेमतेम पाव विद्यार्थी उत्तीर्ण झाले. उन्हाळी सत्राचा निकाल बराच सुधारला खरा, पण त्यातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी आधीच पदवीधर होते! जुलैमध्ये प्रयोग स्थगित झाला. नोव्हेंबरमध्ये थ्रून यांनी स्वतःच आपला माल निकृष्ट असल्याचे मान्य केले आणि कंपनी नोकरदारांच्या प्रशिक्षणाकडे वळली. ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज होती, तोच विद्यार्थी असा मागे राहिला.

मग दोष चित्रफितींचा का? आम्हांला तसे वाटत नाही. याच विद्यापीठात २०१२ साली विद्युतमंडलांच्या एका वर्गाने ‘एडएक्स’ संस्थेची व्याख्याने घरी पाहिली आणि वर्गात शिक्षकांसमवेत उदाहरणे सोडवली. त्या वर्गाचे ९१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्याच विषयाच्या इतर वर्गांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आत होते. एका सत्रावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण येथे विद्यार्थी अडला, तर ‘कुठे अडलास?’ असे विचारणारे माणूस समोर होते, हा फरक नजरेआड करता येणार नाही.

नेमका हाच भाग खर्चिक असतो. एक व्याख्यान लाखांना दाखवायला फारसा जादा खर्च येत नाही; लाखांच्या अडचणी ऐकायला मात्र माणसे लागतात. म्हणून धंद्याच्या हिशेबात पहिली काट बसते ती याच भागावर. सॅन होजेच्या तत्त्वज्ञान विभागाने २०१३ मध्ये हार्वर्डचा तयार अभ्यासक्रम वापरायला नकार दिला. काही विद्यापीठांत प्रत्यक्ष प्राध्यापक आणि बाकीच्यांत त्यांची चित्रफीत, अशी विभागणी होईल, ही त्यांची भीती होती. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी ना-नफा तत्त्वावर उभारलेली एडएक्स २०२१ मध्ये ‘टू-यू’ या कंपनीला ८० कोटी डॉलरना विकली गेली आणि त्या कंपनीने जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्या शाळेत असे साधन घेऊन कोणी आले, तर शिक्षकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. नावे किती जणांनी नोंदवली ते राहू द्या, पुरे किती जणांनी केले? ते पूर्वी कसे शिकत होते? आणि मूल अडले, तर उत्तर कोण देणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘तुम्हीच’ असे आले, तर त्या कामासाठी वेळापत्रकात वेळ किती ठेवला आहे, हेही विचारून घ्यावे.